ताई, खरं खरं सांग हं!

कादंबरीचा शेवट ठरत नाहीये? नायकाला मारावं की जगवावं, या विवंचनेत झोप उडाली आहे? मग संपादक, समीक्षक असल्या मंडळींच्या नादी लागू नका. त्यांना फार तर साहित्य कळतं. ताईला तुम्ही कळता. (धोका नेमका इथेच आहे, पण त्याबद्दल पुढे.)

एक पथ्य कटाक्षाने पाळा. निर्णय आधीच घेऊन टाका. कोऱ्या मनाने सल्ला मागायला गेलात, तर सल्ला मिळण्याची दाट शक्यता असते. तेव्हा नायक मरणार हे पक्कं करा, त्याच्या अंत्ययात्रेचं प्रकरणही लिहून काढा आणि मग निरागस चेहऱ्याने विचारा, "ताई, काय करू गं? तो मेला तर वाचक हेलावून जातील, जगला तर सगळंच पाणचट होईल. तू म्हणशील तसं."

हस्तलिखित तिच्या हाती देऊ नका. गोष्ट तोंडी सांगा, म्हणजे लिहायच्या राहून गेलेल्या खुब्याही ऐकवता येतात. आणि "खरं खरं सांग, मला राग येणार नाही" हे वाक्य विसरू नका. त्यावर विसंबून ती खरं सांगते, मग रागवायला तुम्ही मोकळे.

आता ताईचं उत्तर. "मारू नकोस रे. चौथीत असताना नाटकं लिहायचास, त्यातही शेवटी सगळे मरायचे. कारण पुढे काय करायचं ते तुला सुचायचं नाही. आणि ती खाष्ट नणंद मीच ना?"

नणंदेचा विषय झटकून टाका, पात्रं काल्पनिक असतात. चौथीतलं मात्र वर्मी लागतं. एवढं निदान करायला समीक्षकाला तुमचं समग्र वाङ्मय वाचावं लागलं असतं, आणि तेवढं कोण वाचतो? म्हणून लगेच फणकारा, "तुला साहित्यातलं काय कळतं?" मग आपणच तिला का विचारलं, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, जाईल.

इतिहासातले दाखले हाताशी असू द्यावेत, पण सोयीपुरतेच. १८४५ मध्ये इंग्लिश लेखिका शार्लट ब्राँटेला बहीण एमिलीच्या कवितांची वही सापडली. तिने ती न विचारता वाचली, एमिली भडकली. तिला शांत करायला काही तास गेले आणि कविता छापायला राजी करायला काही दिवस. १८४६ मध्ये तिसरी बहीण ॲन धरून तिघींचा कवितासंग्रह टोपणनावांनी, पदरमोड करून निघाला. वर्षभरात खपलेल्या प्रती २. "बहिणीचं ऐकलं की हे असं होतं!" एवढं ताईला सुनवून थांबा. १८४७ मध्ये तिघींच्याही कादंबऱ्या छापून आल्या, हे तिला सांगायची काही गरज नाही.

राइट बंधूंचं नाव तर काढूच नका. विमानाच्या पंख्याची रचना ठरवताना ते इतकं कडाडून वाद घालत, की शेवटी प्रत्येकजण दुसऱ्याच्या मूळ मतावर येऊन पोचलेला असे आणि मतभेद जिथल्या तिथे. ताईला हे कळलं तर म्हणेल, "चालेल. आता तू त्याला वाचव, मी मारते."

एकदा सल्ला धुडकावला की दोन-तीन महिने जाऊ द्या. मग एका रात्री तुम्हाला अगदी आतून, स्वयंस्फूर्तीने सुचेल, की नायक जगला पाहिजे! अंत्ययात्रा फाडा. ताईला उठवा, "अगं, काय भन्नाट सुचलंय मला!" ती म्हणेल, "हो का? छान." आवाजातलं हसू झोपेमुळे असेल, असं समजा.

पुस्तक निघालं की ऋणनिर्देशात तिचं नाव जरूर घाला. ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिल्याबद्दल.