प्रतिक्रियेला उत्तर : सर्च फसतो तो नेमका कुठे?

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही आहे. दोन्हींबद्दल आभार. 'छान लिहिलंय' एवढंच लिहून जाणाऱ्यांचा मला राग नाही, पण त्यातून पुढे बोलायला काही मिळत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्षअखेरीच्या लेखात मी तीन निरीक्षणं मांडली होती. संचालक मंडळं पुन्हा आतल्या, माहितीतल्या माणसांकडे वळताना दिसतायत, 'एआय'च्या नावाने नवी वरिष्ठ पदं निघतायत, आणि नावीन्याची सगळी जबाबदारी एकाच खुर्चीवर टाकण्याची हौस वाढलीय. यावर तुमचं म्हणणं असं, की हा फॅशनचा अहवाल झाला. एक्झिक्युटिव्ह सर्च, म्हणजे कंपन्यांना वरिष्ठ अधिकारी शोधून देण्याचा आमचा धंदा, ही सुटाबुटातली दलाली. पगारावर फी घेणारा पगार कमी कशाला ठरू देईल? आतलाच माणूस बरा असेल तर तुम्हाला पैसे कशाचे? तीच ती नावं फिरवायला आता यंत्र पुरेसं आहे. आणि एका माणसाने कंपनी बदलते ही मुळात अंधश्रद्धा. शिवाय तुम्ही स्वतः एका कंपनीच्या नॉमिनेशन कमिटीवर (वरच्या पदांसाठी माणसं सुचवणाऱ्या संचालकांच्या समितीवर) काम केलंय, म्हणजे हे ऐकीव नाही.

फीपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं म्हणणं रास्त आहे. रिटेन्ड सर्चमध्ये, म्हणजे माणूस मिळण्याआधीच फी सुरू होते अशा कामात, रूढ हिशोब पहिल्या वर्षाच्या रोख मेहनतान्याच्या एक तृतीयांशाचा, आणि तो साधारण तीन हप्त्यांत. बरेचदा त्यातला मोठा भाग माणूस रुजू होण्याआधीच आलेला असतो. हितसंबंध नाही असं कोण म्हणेल? ठरावीक फीचा पर्यायही नवा नाही. १९६४ साली झुरिचमध्ये सुरू झालेली एगॉन झेंडर ही सर्च फर्म त्याच पद्धतीसाठी ओळखली गेली. पण हितसंबंध तुम्ही दाखवलात तिथे सगळ्यात धोकादायक नाही. पगार दहा टक्क्यांनी वाढवून घेतला तर फी दहा टक्क्यांनी वाढते. तेच काम तीन महिने रेंगाळलं, तर आमच्या लोकांचा वेळ त्याहून कितीतरी जास्त खातं. म्हणजे आमचा खरा मोह पगार फुगवण्याचा नसतो, काम लवकर उरकण्याचा असतो. आणि लवकर उरकायचा सोपा मार्ग एकच : बोर्डाने दिलेल्या मॅन्डेटवर, म्हणजे कसा माणूस हवा आणि त्याने काय करावं हे सांगणाऱ्या कागदावर, प्रश्न विचारायचे नाहीत.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. सर्च नावं शोधताना क्वचितच फसतो. तो बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यातच फसलेला असतो, काय हवंय ते लिहिताना. नंतरची लाँगलिस्ट, शॉर्टलिस्ट, मुलाखती, रेफरन्स चेक हे सगळं त्या चुकीच्या कागदाशी प्रामाणिक राहून पार पडतं.

हे कागद तुम्हीही पाहिले असतील. माणूस धडाडीचा हवा आणि सगळ्यांना सोबत घेणाराही हवा. दूरदृष्टीचा हवा, पण दर तिमाहीचा आकडा न चुकवणारा हवा. असा माणूस नसतो हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी एकही विशेषण खोडलं जात नाही, कारण प्रत्येक विशेषण कुणा ना कुणा संचालकाचं असतं. आणि ओळींच्या मधे न लिहिलेली एक अट असते : मागच्यासारखा नको. मागचा सीईओ शांत होता म्हणून आता बोलका. मागचा आकड्यांचा म्हणून आता ग्राहकांचा.

पोस्ट-इट बनवणाऱ्या थ्रीएमचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. जीईमध्ये (जनरल इलेक्ट्रिकमध्ये) प्रमुख जॅक वेल्च यांच्यानंतर कोण, ही शर्यत २००० साली संपली. जेफ इमेल्ट जिंकले, आणि हरलेल्यांपैकी जेम्स मॅक्नर्नी यांना थ्रीएमने लगेच उचललं. कंपनी सुस्तावलीय, शिस्त हवी, अशी तेव्हाची भावना होती. मॅक्नर्नींनी शिस्त आणली. खर्च कमी झाले, नफ्याची टक्केवारी सुधारली, सिक्स सिग्मा ही कामातल्या चुका मोजून कमी करण्याची पद्धत कंपनीभर पसरली आणि संशोधनाच्या प्रयोगशाळांतही पोचली. आता ही कंपनी कोणती? जिथे संशोधकाने आपला पंधरा टक्के वेळ स्वतःच्या मनातल्या कल्पनेवर घालवावा हा अनेक दशकांचा रिवाज होता. सिक्स सिग्माचा सगळा जोर प्रक्रियेतली तफावत कमी करण्यावर असतो, आणि नवी कल्पना ही जन्मतःच तफावत असते. मॅक्नर्नी २००५ मध्ये बोइंगला गेले. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज बकली यांना प्रयोगशाळांवरची ती पकड ढिली करावी लागली.

यात सर्च चुकला का? माणूस उत्तम होता आणि त्याला सांगितलेलं काम त्याने केलं. मॅन्डेटमध्ये एक वाक्य नव्हतं : शिस्त लावताना कशाला हात लावायचा नाही. ते वाक्य लिहिणं उमेदवाराचं काम नव्हे. ते बोर्डाचं, आणि बोर्डाला आठवत नसेल तर आठवण करून देण्याबद्दलच सल्लागार पैसे घेतो. घ्यायला हवेत, असं म्हणू.

जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं प्रकरण याच जातीचं, फक्त जास्त वेगात घडलं. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन २०११ च्या अखेरीला आले, कूपन आणि सेलची सवय एका झटक्यात बंद केली, २०१२ मध्ये विक्री जवळपास पाव हिश्श्याने घसरली, आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्या जागी आधीचेच सीईओ परत आले. ॲपलमधलं यश खोटं नव्हतं. ते उचलून दुसरीकडे ठेवता येईल हे गृहीत खोटं होतं. हार्वर्डचे बोरिस ग्रॉइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीईतून बाहेर पडून इतर कंपन्यांचे प्रमुख झालेल्या २० जणांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला होता. सगळे एकाच तालमीतले, तरी निकाल सारखे नव्हते. नव्या कंपनीची गरज आणि माणसाचं कसब जुळलं की नाही यावर बरंच काही ठरलं.

मग आतल्याच माणसाला का घेऊ नये? घ्यावं, पुष्कळदा. नाइकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये इलियट हिल यांना निवृत्तीतून परत आणलं. १९८८ मध्ये इंटर्न म्हणून आलेला माणूस. पण आतल्या उमेदवारावर एक अन्याय हमखास होतो. त्याचे दोष बोर्डाने दहा-पंधरा वर्षं जवळून पाहिलेले असतात. बाहेरचा येतो तो इस्त्री केलेल्या बायोडेटासकट. तुलना सुरू होते तेव्हाच ती वाकडी असते. बाहेरच्याचे दोष आतल्याच्या दोषांइतकेच स्पष्ट दिसतील एवढी चौकशी करणं, यासाठी सर्चवाल्याला पैसे द्यावेत. त्यासाठी उमेदवाराने दिलेल्या रेफरन्सवर थांबून चालत नाही. त्याने न दिलेल्या माणसांशी बोलावं लागतं, तेही बभ्रा न होता. आणि शेवटी आतलाच निवडला गेला तरी फी मिळेल असा करार असावा. तसा नसेल, तर तुमचा संशय शंभर टक्के खरा.

यंत्राबद्दल. नावं गोळा करणं हे काम यंत्र आत्ताच आमच्या कनिष्ठ संशोधकांपेक्षा वेगाने करतं, त्यात वाद नाही. नावं गोळा करण्याचेच पैसे घेणाऱ्या फर्म अडचणीत येतील आणि याव्यातही. पण यंत्र शिकतं मागच्या निवडींवरून. ॲमेझॉनने अर्ज चाळण्यासाठी बनवलेलं साधन स्त्रियांच्या बायोडेटांना कमी गुण देऊ लागलं आणि ते गुंडाळावं लागलं, ही बातमी २०१८ ची. युरोपच्या एआय कायद्याने नोकरभरतीतला वापर 'उच्च जोखीम' गटात टाकलाय तो उगाच नाही. तुम्ही म्हणता की आम्ही तीच ती नावं फिरवतो. खरंय. त्याच फिरवाफिरवीवर शिकवलेलं यंत्र नवी नावं कुठून आणणार? (जाता जाता एक आतली गोष्ट : मोठ्या फर्मकडे सगळी नावं असतात हा समज अर्धाच खरा. ज्या कंपनीचं काम घेतलं तिथली माणसं ठरावीक काळ उचलायची नाहीत, असा ऑफ-लिमिट्सचा करार असतो. ग्राहक जितके जास्त, तितकी बंद दारं जास्त. बोर्ड ही यादी क्वचितच मागतं.)

फॅशनच्या आरोपावर मात्र मी तुमच्याही पुढे जाईन. डिस्नेने २०२२ च्या सुरुवातीला मेटाव्हर्ससाठी (इंटरनेटवरच्या आभासी जगासाठी) वेगळा वरिष्ठ अधिकारी नेमला, आणि मार्च २०२३ मध्ये तो विभागच बंद केला. आजच्या 'चीफ एआय ऑफिसर' पदांपैकी काहींचं तेच होईल. असा मॅन्डेट आला की मी एवढंच विचारतो : हा माणूस कुणालाही न विचारता कोणता निर्णय घेऊ शकेल? उत्तर यायला वेळ लागला, तर पद प्रसिद्धीपत्रकासाठी काढलंय असं समजतो.

राहिली एका माणसाने कंपनी बदलते ही अंधश्रद्धा. स्टारबक्सने लक्ष्मण नरसिंहन यांना बाहेरून आणलं, कित्येक महिने दुकानांत काउंटरमागे उभं करून तयार केलं, मार्च २०२३ मध्ये सूत्रं दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काढून घेतली. त्यांच्या जागी चिपोटले या रेस्टॉरंट साखळीचे प्रमुख ब्रायन निकोल यांचं नाव जाहीर झालं त्या एका दिवसात स्टारबक्सचा शेअर २४ टक्क्यांच्या आसपास उसळला, आणि चिपोटलेचा सातेक टक्के पडला. निकोल अजून कामावर आलेही नव्हते. याला अंधश्रद्धा म्हणा, माझी हरकत नाही. पण अशा बाजाराचा दबाव डोक्यावर असलेलं बोर्ड घाई करणारच, आणि घाईत पहिला बळी जातो तो मॅन्डेटचा.

'मग बोर्डाने करावं काय?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. सर्च फर्मला बोलावण्याआधी एक पान लिहावं : पुढच्या तीन वर्षांत काय मोडलं तर चालेल आणि काय मोडता कामा नये. विशेषणं नकोत. ते फर्मने लिहू नये, मावळत्या सीईओने तर मुळीच नाही. आणि शॉर्टलिस्ट हातात आली की उमेदवारांना भेटण्यापूर्वी ते पुन्हा वाचावं. तुमच्या समितीत असा कागद होता का? असला तर तो कोणी लिहिला होता?