हेड मेकॅनिकचा पोऱ्या

अमेरिकेत पिकअप ट्रक घेतलेल्या मराठी माणसाचं फार लवकर सार्वजनिक मालमत्तेत रूपांतर होतं. कुणाला घर बदलायचंय, कुणी जुना सोफा हेरून ठेवलाय, मंडळाच्या गणपतीच्या मखराचं प्लायवूड आणायचंय, की फोन आपल्याला. "ट्रक रिकामा आहे का?" एवढंच विचारतात. मी रिकामा आहे का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. डेट्रॉईटच्या आसपास मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे माझ्या जुन्या टोयोटा टॅकोमाला सुट्टी अशी नाहीच. बिचारीने कधी कुरकुर केली नव्हती. यंदा उन्हाळ्यात मात्र पुढून कुरकुर सुरू झाली. खड्डा आला की 'धाड', त्यानंतर नाक बराच वेळ वरखाली, आणि ब्रेक दाबला की पुढच्या गाडीला वाकून नमस्कार. खाली वाकून पाहिलं तर उजव्या शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा लेप बसलेला. पुढचे दोन्ही शॉकअप संपले होते.

यात गाडीचा दोष नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्याच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि मार्च उजाडेपर्यंत डांबराचा भुगा होतो. परदेशात रस्ते लोण्यासारखे असतात असं गावाकडे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये इकडे यावं. शिवाय बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते लांबून आणावंही लागत नाही. डेट्रॉईट शहराच्या खालीच, सुमारे ३५० मीटर खोल, मिठाची अवाढव्य खाण आहे. आपल्याकडे माणसं खाल्ल्या मिठाला जागतात. इथे मीठच खायला बसतं, आणि सुरुवात गाडीच्या पोटाखालच्या बोल्टांपासून करतं.

गॅरेजवाल्याने आकडा सांगितला. सामानापेक्षा मजुरी जास्त. तो आकडा मी मनातल्या मनात रुपयांत केला (वीस वर्षं झाली तरी ही खोड जात नाही) आणि घरीच करायचं ठरवलं. व्हिडिओ होतेच. त्यातल्या एकात एक दाढीवाला कॉफीचे घोट घेत दोन्ही बाजूंचे स्ट्रट (म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा जोड) बदलून मोकळा होतो. त्याचे बोल्ट बोटांनी सुटत होते. नंतर लक्षात आलं, गडी ॲरिझोनाच्या वाळवंटातला. तिथे ना बर्फ, ना मीठ.

नेमके त्याच सुमारास आई आणि अण्णा सांगलीहून आलेले होते. अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. अमेरिकेबद्दल त्यांची एकच तक्रार होती, की इथे काही बिघडत नाही, आणि बिघडलंच तर फेकून देतात. येऊन महिना व्हायच्या आत त्यांनी गवत कापायच्या यंत्राची पाती परजून दिली होती आणि चालू असलेला डिशवॉशर खोलून बघितला होता. शॉकअप गेलेत असं मी जेवताना सहज बोललो, तर त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला.

"गाडी कुठाय?"

बॅटरी घेऊन ते ट्रकखाली सरपटत शिरले ते पुढच्या बाजूने. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"हे काय रे, स्प्रिंगच्या पोटात शॉकअप?"

"तसंच असतं आता, अण्णा."

"म्हणजे शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग सोडायची?"

"हो."

ते मागच्या बाजूला गेले आणि तिथून पहिल्यांदाच आनंदाचा आवाज आला. "अरे, मागं पाटे आहेत की!" पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. हयातभर एस.टी.च्या पाट्यांवर काढलेला माणूस. पाटा तुटला, यू-बोल्ट सोडले, नवा पाटा घातला, गाडी मिरजेच्या फेरीला रवाना. त्यांच्या लेखी माझा ट्रक म्हणजे दोन वेगवेगळ्या गाड्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी मागच्या चाकावर थाप मारली. "ही गाडी चांगलीय. पुढची कुणाची आहे?"

पहिला वाद स्प्रिंगवरून झाला. स्वस्तातला मार्ग असा, की नुसता शॉकअप घ्यायचा, जुनी स्प्रिंग दाबून काढायची आणि नव्यावर चढवायची. स्प्रिंग दाबायचं अवजार सुट्या भागांच्या दुकानात अनामत रक्कम ठेवून फुकट मिळतं. मी घेऊन आलो. लांब आट्यांचे दोन दांडे आणि त्यांना आकडे. अण्णांनी ते हातात घेतलं, आटे नखाने तपासले, आकड्यांचे झिजलेले कोपरे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "हे परत देऊन ये."

"अहो, सगळे यानेच करतात."

"करू देत. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा जोर असतो. आकडा सटकला तर स्प्रिंग कुणाचा पगार बघत नाही."

मग आम्ही स्प्रिंगसकट जुळवलेले तयार स्ट्रट मागवले. पैसे जास्त गेले, हातपाय शाबूत राहिले. त्या तयार जोडाच्या माथ्यावर मधोमध एक नट असतो, दाबलेली स्प्रिंग त्याच्याच जिवावर आत बसलेली असते. तो सोडायचा नाही. सोडायचे ते भोवतीचे तीन, चौदा मिलिमीटरचे. हे मी अण्णांना समजावू लागलो, तोवर ते नातीच्या खणातली नेलपॉलिश घेऊन आले होते. दोन्ही मधले नट त्यांनी लालभडक रंगवले. "आता आंधळ्यालाही कळेल," म्हणाले. नात त्यानंतर संध्याकाळपर्यंत आजोबांशी बोलली नाही.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. गाडी जॅकवर उचलून चासीखाली घोड्या लावल्या, चाकं उतरवली. आईने अण्णांसाठी घडीची खुर्ची, टोपी आणि शाल आणून ठेवली. अण्णा खुर्चीत बसले आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मला आधी कळेना.

"सतरा-एकोणीस," ते म्हणाले.

लहानपणी वर्कशॉपात जायचो तेव्हा त्यांच्या हाताखाली पोऱ्या असायचा. उस्तादाचा हात पुढे आला की त्यात पाना ठेवायचा, चुकीचा ठेवला तर शिवी खायची. अमेरिकेतल्या कंपनीत माझ्या हाताखाली आठ इंजिनियर आहेत. मी सतरा-एकोणीस शोधू लागलो.

तेवढ्यात शेजारचे म्हातारबुवा कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आले. त्यांनी उभं आयुष्य डेट्रॉईटच्या मोटारींच्या कारखान्यात घालवलं आहे, त्यामुळे माझ्या टोयोटाकडे ते दूरच्या नात्यातल्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसे बघतात. मी 'स्ट्रट' म्हणालो की ते अडवायचे. खरा स्ट्रट मॅकफर्सन नावाच्या इंजिनियरचा, त्याच्या माथ्यावर अख्खं चाक वळतं. तुझ्या ट्रकला वरचा आर्म, म्हणजे चाक वरून धरणारा दांडा, वेगळा आहे, म्हणजे हा नुसता स्प्रिंगमध्ये घातलेला शॉकअप. मॅकफर्सन आधी जनरल मोटर्समध्ये होता, १९४७ साली फोर्डमध्ये गेला, आणि तिकडे इंग्लंडच्या गाड्यांना त्याचा स्ट्रट लागला, वगैरे. मी खाली झोपून गंजाची पूड डोळ्यांत घेत हे ऐकत होतो.

वरचे तीन नट सुटले. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला लिंक रॉडही फारसा रुसला नाही. मग आला खालचा बोल्ट.

हा बोल्ट शॉकअपचा खालचा डोळा खालच्या आर्मला धरून ठेवतो. त्याचा नट सुटतो, बोल्ट सुटत नाही. बुशच्या, म्हणजे त्या डोळ्यातल्या रबराच्या, आत लोखंडाची नळी असते आणि मिठाच्या कृपेने बोल्ट आणि नळी यांचं अद्वैत झालेलं असतं. मी लांब दांड्याला लोखंडी पाईप लावून लोंबकळलो. बोल्ट फिरला, पण सगळ्या बुशला घेऊन फिरला. रबर पिळवटलं आणि मी सोडल्याबरोबर सगळं जागच्या जागी परत आलं. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा अख्खा डबा त्याच्यावर रिकामा केला. गॅरेजभर वास सुटला, बोल्ट ढिम्म. व्हिडिओतला दाढीवाला डोळ्यांसमोर येऊन कॉफी पिऊ लागला.

"घासलेट आण," अण्णा म्हणाले.

इथे घासलेट मिळतं, पण ते घ्यायला निळा डबा लागतो, लाल डबा पेट्रोलचा. लाल डब्यात घेऊ म्हटलं तर पंपावरच्या मुलीने मान हलवली. मी निळा डबा विकत घेतला. त्याची किंमत आतल्या घासलेटापेक्षा जास्त होती, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

रात्रभर बोल्ट घासलेटात भिजत राहिला. रविवारी अण्णा खुर्चीतून उठले. आईने शाल पुढे केली, ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली आणि खाली बसले. गुडघे कडकड वाजले. मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. हातोडा घेतला, पण बोल्टला लावलाच नाही. आर्मच्या कानावर, बोल्टच्या चहूबाजूंनी, टक्क, टक्क, टक्क, एका लयीत ठोकत राहिले. "बोल्टला मारलंस तर आटे जातील. घराला मार, म्हणजे आतला माणूस बाहेर येतो." थोड्या वेळाने बोल्टच्या माथ्याशी गंजाचं लाल पाणी झिरपलं. त्यांनी त्यात बोट बुडवून मला दाखवलं. मग दांडा लावला आणि सोडायच्या दिशेने न फिरवता उलटा, आवळायच्या दिशेने, जरासा दाबला.

"अण्णा, उलटा फिरवताय!"

"गप."

आतून 'कट्' असा बारीक आवाज आला. मग सोडायच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा आवळायच्या दिशेने चिमूटभर, पुन्हा सोडायच्या. बुश जागेवर, बोल्ट एकटा फिरत होता. म्हातारबुवा कुंपण ओलांडून आत आले आणि त्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला.

नवा स्ट्रट वर जाऊन बसला. खालचं भोक आणि आर्मचं भोक यांच्यात मात्र बोटभर अंतर. आर्म पहारीने खाली दाबून धरायचा आणि नेमक्या क्षणी बोल्ट आत सारायचा. पहार मी धरली, खाली अण्णा. "अजून! अजून! थांब! जास्त झालं!" मी पोट पहारीवर टाकून हवेत. मला कमी पडतंय हे बघून म्हातारबुवाही पहारीवर बसले. त्यांचं वजन चांगलं दणदणीत आहे. आर्म खाली गेला, बोल्ट आत गेला, आणि अण्णांनी लगेच हात आडवा केला. "आत्ता नुसता भिडव. आवळू नको. गाडी जमिनीवर उतरली की आवळ. लटकत्या चाकावर आवळलास तर बुश कायमचा पीळ धरून बसतो नि वर्षात फाटतो." मी माहितीपुस्तिका उघडली. तेच लिहिलं होतं, चौकटीत, ठळक अक्षरांत. अण्णांना इंग्रजी वाचता येतं, पण पुस्तिका त्यांनी हातात घेतली नव्हती.

दुसरी बाजू पटकन झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त तिथे म्हातारबुवांनी आपला पानांचा संच आणला, इंचातला. अण्णांनी पाऊण इंची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) घेतली, बोल्टवर चढवली, खुश झाले. "एकोणीसच आहे की!" होतीच, पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटरला केसभर जास्त. तिथून दोघांचं जमलं. अण्णांचं इंग्रजी सुट्या भागांच्या कॅटलॉगपुरतं, म्हातारबुवांचं मराठी शून्य. पण अण्णा "किंग पिन" म्हणाले आणि म्हातारबुवांचा चेहरा उजळला. "किंग पिन!" ते म्हणाले. मग टाय रॉड, मग ब्रेक ड्रम, मग गिअर बॉक्स. मला वाटतं, माझ्या अमेरिकेतल्या सगळ्या वर्षांत शेजाऱ्यांशी माझं एवढं बोलणं झालेलं नाही.

चाकांच्या नटांसाठी मी टॉर्क पाना काढला, ठरलेला जोर लागला की 'टक' वाजतो तो. ८३ फूट-पाउंड, ना कमी ना जास्त. अण्णांनी नट आधीच साध्या पान्याने आवळले होते. मी टॉर्क पाना लावला की 'टक', जागचा न हलता. पुढचा, 'टक'. एकाच नटाला तो जरासा फिरला आणि मी विजयाने वर पाहिलं.

"तुझा पाना बिघडलाय," अण्णा म्हणाले.

पुढचं सस्पेन्शन खोललं की चाकांची अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, नाहीतर टायर एका कडेने खरवडून निघतात. ते घरी होत नाही, निदान मला तरी नाही. अण्णांचं म्हणणं, दोरी ताणून होतं. चाळीस वर्षं दोरीनेच झालं. दुकानात लेझरवाल्या यंत्राने छापून दिलेला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, "दाखवतो सांगलीला." परतताना त्यांनी मला मुद्दाम आमच्या वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यातून गाडी घालायला लावली. नाक एकदा खाली, एकदा वर, आणि स्थिर. त्यांनी मान डोलावली. मग मागची चाकं खड्ड्यात गेली आणि पाट्यांनी आम्हाला चांगलं फूटभर उडवलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "याला म्हणतात गाडी."

घरी आलो तर म्हातारबुवा आमच्या दारात उभे. त्यांचा स्वतःचा सिल्व्हरॅडो ट्रक, पुढचा आवाज, गेली दोन वर्षं. येत्या शनिवारी अण्णांना वेळ आहे का, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं. विचारायची गरज नव्हती. अण्णा बॅटरी घेऊन त्यांच्या ट्रकखाली गेलेही होते. थोड्या वेळाने खालून एक हात बाहेर आला, पंजा उघडा.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हातारबुवांनी घाईघाईने मला विचारलं, त्यांना नेमका कुठला पाना हवाय?