पंप चालू, ड्रम रिकामा, आणि म्हणे बोर्ड गेलाय

"मॅडम, बोर्ड गेलाय, बदलावा लागेल."

वॉशिंग मशीन दुरुस्तीला आलेल्या माणसाचे हे शब्द. खालचा फिल्टर उघडला नाही, मागचा पाईप कुठे दुमडलाय का ते वाकून बघितलं नाही, वरचं झाकण तर लांबच राहिलं. नुसती दोन बटणं दाबली, पॅनेलकडे बघितलं आणि निकाल देऊन मोकळा. बोर्ड म्हणजे अख्खं मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, मशीनमधल्या सगळ्यात महाग पार्टपैकी एक, आणि तो गेलाय हे याला उभ्या उभ्या कळलं! मी विचारलं की मीटर लावून चेक केलंत का, तर म्हणे त्याची गरज नाही, ह्या मॉडेलला हेच होतं. हेच होतं म्हणे. मग तुम्ही येता कशाला, फोनवरच सांगा ना सगळ्यांना, व्हिजिट चार्ज तरी वाचेल लोकांचा.

मशीन कपडे धुतंय, पाणी बाहेर सोडतंय, फक्त स्पिन करत नाहीये. कपडे काढले की धो धो पाणी, हाताने पिळून पिळून मनगटं दुखायला लागली, चादरी तर पिळल्याच जात नाहीत एकट्या माणसाला. स्क्रीनवर शेवटची काही मिनिटं म्हणून जो आकडा अडकलाय तो हलतच नाही. आणि मग एक कोड. ह्या कोडांवर तर मला वेगळंच भांडायचंय. पाणी बाहेर गेलं नाही ह्या एकाच गोष्टीला एक कंपनी ओई म्हणते, दुसरी 5ई, तिसरी ई18, म्हणजे आधी मॅन्युअल शोधा, मग त्यात तो कोड शोधा, आणि तिथे लिहिलेलं असतं काय तर सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा! एवढा मोठा डिस्प्ले दिलाय, वायफाय दिलंय, काम झालं की गाणं वाजवतं मशीन, पण 'पाणी निघत नाहीये' किंवा 'कपडे एका बाजूला गोळा झालेत' एवढं साधं वाक्य दाखवता येत नाही? मशीनला कारण माहीत असतं हो. माहीत असतं म्हणूनच तर थांबतं ना ते. आपल्याला तेवढं कळू द्यायचं नाही.

कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगते, स्पिन होत नाही म्हटलं की सगळ्यात आधी पाण्याकडे बघायचं, मोटर आणि बोर्ड शेवटी. आत पाणी आहे असं मशीनला वाटलं की ते जोरात फिरणारच नाही, तसं मुद्दामच बनवलेलं असतं. फ्रंट लोडला स्पिन म्हणजे 1000, 1200, 1400 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, एवढ्या वेगाने पाण्याने भरलेला ड्रम फिरवायचा नसतोच. म्हणून आधी पाणी पूर्ण बाहेर, मग कपडे नीट पसरले का ते हळूहळू फिरवून बघणार, मग स्पीड. ह्यातली एक पायरी अडली की पुढचं सगळं अडलं. मग ते खालच्या फिल्टरमध्ये अडकलेलं नाणं असेल, हेअरपिन असेल, बाळाचा मोजा असेल, दुमडलेला ड्रेन पाईप असेल, दाराचं लॉक नीट लागत नसेल, किंवा एकटीच जाड गोधडी टाकलेली असेल जी पाणी पिऊन एका बाजूला जाऊन बसते आणि मशीन परत परत पाणी घेऊन तिला पसरवायला बघतं. अशा वेळी सोबत दोनतीन टॉवेल टाकले तरी काम होतं. टॉप लोडची गोष्ट थोडी वेगळी, तिथे बऱ्याच मॉडेलमध्ये खाली जी ड्रेन मोटर असते तीच पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते आणि तीच क्लच ओढून मशीन स्पिनवर घेते, ती गेली की दोन्ही बंद. पण व्हिडिओवाले? टॉप लोड का फ्रंट लोड तेही न सांगता सरळ कपॅसिटर बदला म्हणून मोकळे, अर्धा व्हिडिओ होईपर्यंत कळतच नाही की हे आपल्या मशीनचं नाहीच मुळी.

कस्टमर केअरच्या फोनवरच्यांबद्दल तर बोलायलाच नको. मशीन बंद करून चालू केलंत का मॅडम? केलं. प्लग काढून थोडा वेळ ठेवलात का? ठेवला. फिल्टर साफ आहे का? आहे, स्वच्छ आहे, आत्ताच बघितलाय. बरं मग एकदा बंद करून चालू करा. उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या.

आता माझ्या मशीनचं ऐका. ड्रम रिकामा, एक थेंब पाणी नाही आत, आणि पंप मात्र घर्रघर्र करत चालूच. हे मी त्या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं, परत परत सांगितलं होतं, त्याने ऐकून घेतलं नाही आणि बोर्डचं काय करायचं ते घरातल्या पुरुषांना विचारायला गेला. अरे मी सांगतेय ना तुला! रिकाम्या ड्रममध्ये पंप चालू राहतो ह्याचा सरळ अर्थ असा की मशीनला अजून पाणी दिसतंय. आणि पाणी मोजायची पद्धत काय असते तर एक बारीक नळी, खालचं टोक टबच्या तळाशी, वरचं टोक सेन्सरला जोडलेलं. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, सेन्सर तो दाब वाचतो, पाणी गेलं की दाब उतरतो. त्या नळीच्या खालच्या तोंडाशी साबणाचा चिकटा आणि कपड्यांचे तंतू बसले की हवा आत कोंडून राहते, पाणी गेलं तरी सेन्सर म्हणतो भरलेलंच आहे. झालं, पंप चालूच आणि स्पिन बंद.

हे मी वाचून काढलं आणि मीच उघडलं. प्लग काढला, नळ बंद केला, मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण मागे सरकवलं, कोपऱ्यात सेन्सर आणि त्याला लागलेली नळी समोरच दिसते. नळी सेन्सरपासून सोडवायची आणि नळीतच फुंकायचं, सेन्सरमध्ये अजिबात फुंकायचं नाही, तो नाजूक असतो. आधी फुंकर जातच नव्हती. मग एकदम आत गुडगुड आवाज झाला आणि नळी मोकळी. परत घट्ट बसवली, झाकण लावलं, स्पिन लावलं, पंप थोडा वेळ चालून थांबला आणि मशीन सुसाट. नवीन पार्ट एकही नाही. बोर्डला हातसुद्धा लावलेला नाही.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होते हे लोक, तीही माझ्या पैशाने! बोर्ड बदलून जाताना नळी हलली असती, मशीन चालू झालं असतं, तर मी आयुष्यभर बोर्डच गेला होता असं समजले असते. किती घरांत असे चांगले बोर्ड काढून नेले असतील ह्यांनी? मी तर आता सगळ्यांना सांगते, पार्ट बदलला तर जुना पार्ट आपल्याकडे ठेवा, लेखी लिहून घ्या काय तपासलं आणि काय खराब निघालं.

आणि दारावर ते मोठ्ठं स्टिकर, मोटरवर 10 वर्षं वॉरंटी. वाचताना वाटतं मशीनवरच आहे. मोटर सोडून पंप, सेन्सर, लॉक, बोर्ड ह्यातलं काहीही गेलं की स्टिकर कामाचं नाही. वर छोटा पार्ट सुटा मिळत नाही, अख्खा सेट घ्या. युरोपियन युनियनमध्ये मार्च 2021 पासून नियमच आहे की पंप, पाईप, बेअरिंग, प्रेशर स्विच (म्हणजे तोच पाणी मोजणारा सेन्सर), बोर्ड हे सगळं मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान 10 वर्षं मिळालं पाहिजे. तिथे हेच कारखानेवाले देतात ना गुपचूप? मग सगळीकडेच द्या की.

आता कळस ऐका. मी फोन करून सांगितलं की तुमचं निदान चुकीचं होतं, बोर्ड ठीक आहे, मशीन चालू झालंय, व्हिजिट चार्ज परत द्या. त्यांनी कम्प्लेंट बंद करून टाकली, आणि कारण काय लिहिलं तर 'ग्राहकाचा दुरुस्तीस नकार'. माझा नकार! दुरुस्ती मी केली, तुम्ही नुसतं बघून गेलात. ती नोंद बदलून 'चुकीचं निदान' असं लेखी आल्याशिवाय मी सोडणार नाहीये, रोज फोन करायला लागला तरी रोज करेन.