‘सीमध्ये एक्सएमएलसाठी लायब्ररी लागत नाही’ : एक प्रतिवाद

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या आणि सीमध्ये छोटी-मोठी कामे करणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : एक्सएमएल (टॅग नावाच्या खुणांमध्ये माहिती मांडण्याची रीत) म्हणजे शेवटी साधा मजकूर, वाचायला एसटीआरएसटीआर या मजकूर शोधणाऱ्या फंक्शनने टॅग शोधला की झाले, लिहायला एफप्रिंटएफ हे छापणारे फंक्शन पुरते, आणि लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) घेतली तर सगळी फाइल मेमरीत चढते, शिवाय मेमरी गळते (घेतलेली जागा सोडायची राहून जाते) ती वेगळीच. या सल्ल्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम लोकांच्या हिशेबाच्या फाइली हाताळतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

वाचनापासून सुरुवात करतो, कारण खरी हानी तिथे होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आणायचे व्हाउचर, म्हणजे एका व्यवहाराची नोंद, एक्सएमएलमध्ये देता येते. त्यात व्हाउचरच्या पोटात प्रत्येक खात्याची एक नोंद असते, त्या नोंदीत ‘लेजरनेम’ आणि ‘अमाउंट’ असतात, आणि पार्टीच्या नोंदीच्या पोटात बिलनिहाय वाटपाची आणखी एक नोंद येऊ शकते, जिच्यातही ‘अमाउंट’ याच नावाचा एलिमेंट (टॅगांमधला भाग) असतो. समजा विक्री 10,000 रुपयांची आहे आणि केंद्राचा व राज्याचा जीएसटी प्रत्येकी 900 रुपये आहे. पार्टीच्या खात्यावर उणे 11,800, विक्रीला 10,000, दोन्ही करांना 900 आणि 900. बेरीज शून्य, म्हणजे व्हाउचर जुळले. आता एसटीआरएसटीआरने ‘अमाउंट’ शोधत फाइलभर जा. बिलवाटपातले उणे 11,800 त्याच बेरजेत शिरतात आणि जुळलेले व्हाउचर तेवढ्याच रकमेने फुटलेले दिसते. शोधलेला शब्द बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे. तो कोणाच्या पोटातला आहे, एवढेच प्रोग्रॅमला ठाऊक नाही, आणि नेस्टेड (एकाच्या पोटात एक असलेल्या) डेटात अर्थ ठरतो तो नेमका त्यावरच.

लिबएक्सएमएल-2 या सीमधल्या एक्सएमएल लायब्ररीत हाच प्रश्न उरत नाही. ती फाइलचा वृक्ष करते, आणि त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक नोड. प्रत्येक नोडला पालकाचा, पहिल्या मुलाचा आणि पुढच्या भावंडाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असतो, त्यामुळे खात्याच्या नोंदीच्या थेट मुलांमधलाच ‘अमाउंट’ घ्यायचा, खोलवरचा नाही, हे एका लूपमध्ये सांगता येते. इथे नवखे एका ठिकाणी हमखास अडखळतात : फाइल नीट इंडेंट केलेली असेल तर पहिले मूल म्हणून बहुधा नुसत्या मोकळ्या जागेचा टेक्स्ट नोड हाती येतो, आणि ‘लायब्ररी कचरा देते’ असा समज होतो. नोडचा प्रकार एलिमेंट आहे का, हे आधी तपासले की तो समज गळून पडतो.

आता लेखन. एफप्रिंटएफने टॅग छापता येतात, हे खरेच आहे. पण पार्टीचे नाव ‘जोशी & सन्स’ असेल तर? ते चिन्ह तसेच छापले की फाइल एक्सएमएल राहत नाही. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएल 1.0 च्या प्रमाणकानुसार ही घातक चूक आहे आणि ती आढळल्यावर पार्सरने (फाइल वाचून उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने) नेहमीसारखे पुढे जायचे नसते. म्हणजे एका नावापायी अख्खी फाइल नाकारली जाते. लायब्ररीतही इथे सावध राहावे लागते. एक्सएमएल-न्यू-चाइल्ड हे फंक्शन दिलेल्या मजकुरात ‘&’ चे ‘&’ आधीच केलेले आहे असे धरून चालते; कच्चे नाव द्यायचे असेल तर एक्सएमएल-न्यू-टेक्स्ट-चाइल्ड वापरायचे, ते स्वतः बदल करते. दोन्ही फंक्शने नव्या नोडचा पॉइंटर परत देतात, तोच पुढच्या पातळीला पालक म्हणून द्यायचा, की कितीही खोल रचना करताना बंद करायचा टॅग विसरण्याची वेळच येत नाही.

मराठी नावांची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेते. एसस्कॅनएफ या मजकुरातून भाग वेचणाऱ्या फंक्शनने 31 बाइटांची मर्यादा घालून नाव उचलले तर 10 चिन्हे पुरी येतात आणि अकराव्याचा एक तुटका बाइट शेपटीला राहतो.

मेमरीचा आक्षेप अर्धा खरा आहे. पूर्ण वृक्ष उभा केला तर तो मूळ फाइलच्या कित्येक पट जागा घेऊ शकतो. पण वृक्ष उभा करणे ही लायब्ररीची एक रीत झाली. एक्सपॅट ही दुसरी लायब्ररी तुकड्यातुकड्याने वाचत टॅगगणिक आपल्या फंक्शनला हाक मारते. लिबएक्सएमएल-2 चा टेक्स्ट-रीडर तर दोन्हींचा मेळ घालतो. त्याने व्हाउचरपर्यंत यायचे, एक्स्पांडने तेवढ्याच व्हाउचरचा वृक्ष उघडायचा, काम झाले की नेक्स्टने पुढच्यावर जायचे. हजारो व्हाउचरांच्या फाइलमध्येही एका वेळी साधारण एकाच व्हाउचरचा वृक्ष मेमरीत असतो.

राहिली गळती. एक्सएमएल-फ्री-डॉक एका हाकेत अख्खा वृक्ष सोडवते. सुटत नाही ती एक्सएमएल-नोड-गेट-कंटेंटने परत दिलेली स्ट्रिंग, कारण ती वृक्षाचा भाग नसून वेगळी दिलेली प्रत असते आणि ती एक्सएमएल-फ्रीने आपणच सोडायची असते. वर सांगितलेल्या लूपमध्ये प्रत्येक रक्कम वाचून आकड्यात बदलल्यावर लगेच ही एक ओळ लिहायची.