पोराला आयटीआय सोडायला लावायचे खात्रीशीर घरगुती उपाय

तर मंडळी, तुमच्या पोराचा (पुतण्या, भाचा, शेजाऱ्याचा, कुणाचाही चालेल) आयटीआयला नंबर लागलाय आणि तुम्हाला धाकधूक होतेय की हा खरंच दोन वर्षं पुरी करून इलेक्ट्रिशियन बिलेक्ट्रिशियन होऊन बसतो की काय. काळजी सोडा. निम्मं काम आधीच झालेलं असतं, तुम्ही फक्त खारीचा वाटा उचलायचा.

सुरुवात ट्रेडपासून, म्हणजे पोरगं कुठलं काम शिकणार त्यापासून. पोराला काय आवडतं ते अजिबात विचारायचं नाही, नेटकॅफेत जायचं आणि फॉर्म भरणारा म्हणेल त्या क्रमाने ऑप्शन टाकायचे. विहिरीवरची मोटर खोलून परत बसवणाऱ्या पोराला वेल्डर लागला तरी "मिळतंय ते घे गुमान" एवढंच म्हणायचं. फिटर दिवसभर नक्की करतो काय हे त्याला वर्कशॉपमध्ये गेल्यावरच कळलं पाहिजे, तेव्हाच मजा! लोखंडाचा चौकोनी तुकडा टेबलावरच्या पकडीत (वायसमध्ये) आवळायचा आणि कानस मारत बसायचं, सर येणार, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरून बघणार, "घास अजून" म्हणून निघून जाणार, आणि हे असं दिवसच्या दिवस. का घासायचं ते मात्र सांगू नये. त्याने हात बसतो, मापाची नजर येते असं कुणी समजावलं तर पोरगं टिकायचा धोका असतो.

मग प्रवास. पास स्वस्त आहे, दहा दिवसांच्या भाड्यात महिनाभर, तक्रारीला जागा नाही. एसटी मात्र सकाळी एकच ठेवावी आणि ती भरून आली की स्टॉपवर थांबवू नये. (2021 च्या संपात तर काही महिने तेवढेही कष्ट घ्यावे लागले नाहीत.) पोरगं तासभर उशिरा पोचलं की सरांनी वर्गासमोर विचारायचं, "या साहेब, झोप झाली का?" असं चार-पाच वेळा झालं की साहेब स्टॉपवरूनच घरी वळतात.

पैशाचं बघायलाच नको. विद्यावेतन वर्षानुवर्षं महिना 40 रुपये होतं, चाळीस, हो, एक चहा-वडापाव. आता 500 केलंय म्हणजे जरा लाड झालेत खरे, पण गावातला जोडीदार बाईकवर पार्सल पोचवून आठवड्यालाच त्याच्या कितीतरी पट आणतो, त्याचा नवा मोबाईल आपल्या पोराला दिसेल अशी सोय करावी. बापाने जेवताना "अजून किती दिवस शिकणारेस" हे भाताच्या आधी विचारावं, भातानंतर परिणाम होत नाही.

नातेवाईकांचं काम सोपं. लग्नात पंगतीत जरा मोठ्याने, "आयटीआय का? दहावीला कमी पडले वाटतं." दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे माहीत असेल तरी तोंडातून काढू नका.

सगळ्यात जालीम उपाय दिवाळीला आपोआप गावात येतो. चाकणला कामाला असलेला गावातलाच सिनियर. तो पारावर बसून सांगतो की मी आयटीआय पास, शेजारचा दहावी नापास, दोघं एकाच लाईनवर, एकाच ठेकेदाराकडे, पगारही सेम, आणि अकरा महिने झाले की दोघांनाही ब्रेक, म्हणजे कामावरून घरी. यात खोटं काहीच नसतं, म्हणून तर हा उपाय इतका लागू पडतो. पुढच्याच सोमवारी पोरगं बॅग भरतं. कंपन्या मग सेमिनारमध्ये "स्किल्ड मनुष्यबळ मिळत नाही" म्हणून हळहळतात, नाश्ता छान असतो तिथे.

आता एक पथ्य, ते मोडलं तर केलेलं सगळं पाण्यात. पोरगं सलग तीन दिवस आलं नाही तर फोन करायचा नाही. मस्टरवर लाल शाई मारत राहायचं, हजेरी 80 टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे काम आपोआप होतं. काही सर उगाच फोन करतात, एखादा तर संध्याकाळी गाडी काढून घरी जातो, आईशी बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं परत कानशीला हजर! असल्या माणसाला लगेच निवडणुकीच्या, नाहीतर कसल्यातरी सर्वेच्या ड्युटीवर पाठवावं. नाव कमी करताना कारणाच्या रकान्यात "घरगुती अडचण" लिहावं. घर कुणाचं, ते लिहावं लागत नाही.

परवा आमच्याकडे रात्री अर्ध्या घराची लाईट गेली. वायरमन म्हणाला गुरुवारी येतो. अंधारात स्वयंपाक कोण करणार म्हणून बिर्याणी मागवली, तर ती घेऊन आमच्याच चुलत्याचा पोरगा दारात, दीड वर्ष इलेक्ट्रिशियन करून सोडलेला. मोबाईलच्या उजेडात त्याने बोर्डाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, न्यूट्रल लूज असणार, पाच मिनिटांचं काम आहे." मी स्टूल आणायला वळलो तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"ओटीपी सांगा काका, पुढची ऑर्डर लागलीये."