घरच्या कॅफेच्या कागदावर माझं नाव हवंय

घरच्या धंद्यात राबणाऱ्या बाईचं नाव त्या धंद्याच्या कागदावर असलं पाहिजे आणि तिच्या कामाचे पैसे दर महिन्याला तिच्या खात्यात जमा झाले पाहिजेत. हे बरेच दिवस मनात घोळत होतं. परवाच्या गुरुवारनंतर लिहायचंच ठरवलं. पोस्ट लांब आहे, पण घरचं दुकान, मेस, पोळीभाजी केंद्र असं काहीही असणाऱ्या प्रत्येकाने शेवटपर्यंत वाचावी.

आमचा कर्वेनगरात छोटा कॅफे आहे. मूळचं सासऱ्यांचं पोहे-मिसळीचं दुकान. नवऱ्याने टेबलं वाढवली, फिल्टर कॉफी आणि सँडविच आणलं, पाटी बदलली. मिसळीचं वाटण अजूनही माझ्या सासूबाईंच्या पद्धतीचं आहे आणि ते मीच करते.

गुरुवारी संकष्टी होती. पुण्यात खाण्याचा धंदा करणाऱ्याला संकष्टी काय असते ते सांगायला नको. एरवी मिसळ मागणारी माणसं त्या दिवशी साबुदाणा खिचडी मागतात, आणि सगळ्यांना ती सकाळी ऑफिसच्या आधीच हवी असते. त्यातच दुरुस्तीच्या कामासाठी आमच्या भागात दिवसभर पाणी बंद राहणार होतं. आणि सोलापूरहून सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या मावशी, डोळे दाखवायला आल्या होत्या. त्यांची वेळ नेमकी गुरुवारचीच मिळाली होती.

म्हणजे दिवस बुधवारी संध्याकाळीच सुरू झाला. घरातले आणि कॅफेतले ड्रम, पिंपं, पातेली भरून ठेवली. शेंगदाणे भाजून, सालं काढून कूट केलं. मग साबुदाणा. हे काम बाहेरून दिसतं तितकं साधं नाही. आधी चांगला धुवायचा, पाणी नितळ दिसायला लागेपर्यंत. मग भिजायला पाणी ठेवायचं ते दाणे जेमतेम बुडतील इतकंच. जास्त झालं की सकाळी लगदा, कमी झालं की दाण्याच्या आत कच्ची कणी राहते. प्रत्येक पोत्यातला दाणा सारखा पाणी पीत नाही, म्हणून नवीन पोतं फोडलं की मी आधी मूठभर भिजवून बघते. खिचडी मोठ्या कढईत एकदम टाकली तर गोळा होतो, म्हणून ती थोडी थोडी, सतत ताजी परतावी लागते. कुणाला उपासाला कोथिंबीर चालत नाही, कुणाला जिरं चालत नाही, कुणाला तुपातलीच हवी. उपासाची भांडी, उलथनी, पाट्या वेगळ्या ठेवायच्या, कांदा-लसणाचा हात लागू द्यायचा नाही. लोक विश्वासाने खातात, तो विश्वास सांभाळायचा असतो. हे कौशल्याचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

सकाळी घरी निघायच्या आधी दोन स्वयंपाक. मावशींचा उपास, म्हणून भगर आणि दाण्याची आमटी. सासूबाईंना मधुमेह, त्या उपास करत नाहीत, त्यांना वेळेवर पोळीभाजी लागते. मुलीचा डबा, कॉलेजची बस. केर काढला, फरशीला पाणी नव्हतं म्हणून ती राहिली. मग कॅफेत पहिली खिचडी, दुसरी खिचडी, पार्सलं. तेवढ्यात व्यावसायिक सिलेंडर संपला, तो बदलायला पोऱ्याला हाक मारली आणि शेगडी बंद तोवर कूट-बटाटे मोजून ठेवले.

नवऱ्याचं काम सोपं आहे असं मी म्हणत नाही. तो पहाटे शटर उघडतो, गल्ला सांभाळतो, दूधवाला, पाववाला, भाडं, जीएसटी सगळं बघतो. रात्री त्याचेही पाय सुजलेले असतात. पण मावशींना दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. गल्ला सोडता येत नाही हे सगळ्यांना कळतं. शेगडी मात्र सोडता येते असं धरलेलं असतं.

नळ स्टॉपवरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गेलो. मावशी पहिल्यांदाच मेट्रोत बसल्या आणि नदीवरून जाताना खिडकीला नाक लावून बघत होत्या. दवाखान्यात बाहुली मोठी करायला थेंब टाकले. ते टाकले की काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, त्यामुळे सोबत माणूस लागतंच. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि माझ्या दुसऱ्या हातातला फोन वाजत होता. कूट कुठे ठेवलंय? वाटण संपलं, फ्रीजमधलं कुठलं घेऊ? मिरच्या संपल्या, कितीच्या आणू? घरून सासूबाईंचा फोन, टाकीतलं पाणी किती पुरेल? मी सगळ्यांना उत्तरं देत होते. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या.

परतताना मेट्रोत त्यांनी विचारलं, "तुला म्हैन्याला किती देतात गं?"

मी म्हटलं, "मावशी, घरचाच कॅफे आहे. मला कोण देणार?"

मावशींबद्दल थोडं सांगते. काका लवकर गेले. दोन मुलं लहान होती. मावशींनी सोलापुरात एका केंद्रासाठी कडक भाकरी करायला घेतल्या. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि ती पापडासारखी मोडेल इतकी कडक करायची. पातळ थापली नाही तर ती कडक होत नाही आणि टिकतही नाही. नगावर पैसे. त्यातून दोन्ही मुलं शिकली. त्या मला म्हणाल्या, "शंभराची चवड झाली की मी वहीत रेघ ओढायची. भिंतीवर न्हाई, वहीत. रेघ न्हाई ओढली तर पैसे कुणाला मागायचे? तुझी वही कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून मी याच प्रश्नाच्या मागे आहे.

आमच्याकडे स्वयंपाकघरात दोन ताई कामाला आहेत. त्यांची वेळ ठरलेली, पगार ठरलेला, आठवड्याची सुट्टी ठरलेली. ती त्यांना मिळते याचा मला आनंद आहे आणि ती मिळालीच पाहिजे. पण मी गुरुवारी दवाखान्यात होते तेव्हा माझ्या शेगडीवर त्यांतलीच एक ताई जादा वेळ थांबली आणि संध्याकाळी नवऱ्याने तिला त्याचे पैसे दिले. बरोबरच केलं. त्याच शेगडीवर त्याच कामाचा भाव कॅफेला माहीत आहे, हे त्या नोटा मोजताना मला समोर दिसलं.

देशाच्या पातळीवर हे मोजलेलंही आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं, असं आढळलं. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांहून जास्त. माझी बुधवार रात्र आणि गुरुवार सकाळ यातच बसते, भगर, डबा, केर, पाणी भरणं. पण खिचडी? वाटण? ते घरकाम नाही, तो धंदा आहे. आणि सरकारच्या श्रमबल पाहणीत घरच्या उद्योगात विनावेतन काम करणाऱ्यांना स्वयंरोजगारातच मोजतात, वेगळा गट करून. म्हणजे सरकारी कागदावर मी कामगार आहे. माझ्या घरच्या कागदावर नाही.

‘पैसा घरातच तर राहतो’ हे मला माहेर-सासर दोन्हीकडून ऐकायला मिळतं. मागे स्वतःच्या नावावर छोटं कर्ज काढायला मी एका बँकेत गेले होते. कॅफेसाठीच, मोठा ग्राइंडर आणि फ्रीज घ्यायचा होता. त्यांनी उत्पन्नाचा पुरावा मागितला. मी सांगत राहिले की मी रोज पहाटेपासून काम करते, मेन्यूतल्या निम्म्या पदार्थांची चव माझ्या हाताची आहे. काऊंटरवरची मुलगी नम्रपणे ऐकत होती, तिच्या फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नव्हती. शेवटी कर्ज नवऱ्याच्या नावावर निघालं. हप्ते ज्या मिसळीतून जातात तिचं वाटण माझं.

माझ्या सासूबाईंची गोष्ट याहून जास्त लागते. आयुष्यभर त्यांनी पहाटे उठून दुकानासाठी कांदे चिरले, मटकीला मोड आणले, वाटण केलं. सासरे गेल्यावर दुकान पुढे चालवायचे कागद करताना त्यांची ओळख एकच होती, मयताची पत्नी. दुकानाच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांचा भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, औषधांसाठी आजही मुलाकडे मागावं लागतं. मुलगा लगेच देतो, कधी कुरकुर करत नाही. तरी मागताना त्या आवाज खाली आणतात, ते मला रोज ऐकू येतं.

या महाराष्ट्रात हा प्रश्न शेतावर केव्हाच विचारला गेला आहे. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, हजारो बायका आल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, नवऱ्यांनी आपल्या हयातीत, आपणहोऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. गावोगावच्या पुरुषांनी ते केलंही. राबणारीचं नाव सातबाऱ्यावर येऊ शकतं, तर शॉप अ‍ॅक्टच्या आणि भागीदारीच्या कागदावर का येऊ नये? शहरात शिकलेल्या आमच्यासारख्या घरांनी यात मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मी नवऱ्याशी बोलले. भांडण झालं नाही. तो आधी म्हणाला, "सगळं तुझंच तर आहे." मी म्हटलं, "मग लिहू या." आम्ही सीएंना फोन केला. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी लिहिते. नुसता पगार सुरू करणं वाटतं तितकं सरळ नाही. आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की ज्या व्यवसायात एका जोडीदाराचा मोठा हिस्सा आहे, तिथून दुसऱ्याला मिळालेला पगार पहिल्याच्याच उत्पन्नात धरला जातो. पगार घेणाऱ्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार त्या ज्ञान-अनुभवाचाच असेल, तरच अपवाद. पीठ मळण्याचं, वाटण जमवण्याचं, साबुदाण्याचा दाणा ओळखण्याचं ज्ञान यात कसं बसवायचं, असा प्रश्न मी विचारला तर ते म्हणाले, याची कागदपत्रं नीट लागतील. दुसरा रस्ता भागीदारीचा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करार करायचा, त्यात माझा नफ्यातला हिस्सा लिहायचा आणि काम करणारी भागीदार म्हणून मानधन किती ते स्पष्ट लिहायचं. करारात लिहिलेलं नसेल तर मानधनाचा हक्क सांगता येत नाही. कराचे बारकावे त्यातही आहेत, ते सीए बघतील. मला हाच रस्ता योग्य वाटतो, कारण यात मी नोकरीला राहत नाही, मालक होते. मी मालकासारखंच काम करते.

एक खुलासा आवर्जून. मावशी आल्या म्हणून धावपळ झाली असा अर्थ कुणी काढू नका. पाहुणे म्हणजे कटकट, पाहुण्यांनी हॉटेलात उतरावं, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. डोळ्यांत थेंब टाकलेली सत्तरीची बाई परक्या शहरात कुणाचा हात धरून चालणार? मावशी संध्याकाळी धूसर डोळ्यांनीसुद्धा सासूबाईंशेजारी बसून लसूण सोलत होत्या, हाताच्या सवयीने. येताना शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड घेऊन आल्या होत्या. चंद्रोदयानंतर त्यांनी ताटं वाढायला घेतली आणि मला उठू दिलं नाही. आल्यागेल्याचं करायची माझी तयारी कालही होती, उद्याही असेल. फक्त ते करायला घरातल्या एकाच माणसाचा वेळ फुकट धरू नये.

मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा त्या आमच्याकडेच राहतील, रोज ठरलेल्या वेळी डोळ्यांत औषध घालावं लागेल. तितके दिवस सकाळच्या खिचडी-मिसळीला बदली बाई ठेवायची आणि तिचा पगार कॅफेच्या खर्चात धरायचा, हे नवऱ्याने मान्य केलंय. फॉलोअपला एकदा तो जाईल, एकदा मी. भागीदारीच्या कराराचा मसुदा सीएंकडून येतोय. हिश्शावर आमचं एकमत झालंय, मानधनाच्या आकड्यावर अजून नाही. मी माझा आकडा त्या दोन ताईंच्या पगाराच्या आधाराने काढलाय, तास मोजून, आणि तो मी खाली आणणार नाही.