तोरोपेत्समध्ये अणुबॉम्ब फुटला नव्हता

रशियाच्या त्वेर प्रांतातील तोरोपेत्स या गावाजवळच्या लष्करी दारूगोळा कोठारावर 18 सप्टेंबर 2024 च्या पहाटे युक्रेनच्या ड्रोननी हल्ला केला आणि त्यानंतर झालेल्या स्फोटांची चित्रफीत जगभर पसरली. ती आजही मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एका मराठी मजकुरासह फिरते. मजकुराचा दावा थोडक्यात असा : हा स्फोट ड्रोनचा नसून छोट्या अणुबॉम्बचा होता, छत्रीसारखा ढग आणि जमिनीला बसलेला हादरा हे त्याचे पुरावे आहेत, फुटलेला 30,000 टन साठा म्हणजे दोन हिरोशिमा होतात, आणि किरणोत्सर्गाची बातमी दोन्ही बाजूंनी दाबून टाकली. मजकूर आत्मविश्वासाने लिहिलेला आहे, त्यातले काही आकडे खरेही आहेत, आणि म्हणूनच त्याची दखल घ्यावी लागते.

ढगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जमिनीलगत पुरेशी उष्णता एकदम मोकळी झाली की तापलेली हवा वर झेपावते, भोवतालची धूळ व धूर खेचून घेते आणि वर थंडावून पसरते. ती उष्णता अणूच्या विखंडनातून आली की टीएनटीसारख्या साध्या स्फोटकातून, याच्याशी ढगाच्या आकाराचा संबंध नसतो. लेबनॉनच्या बैरूत बंदरात 4 ऑगस्ट 2020 रोजी गोदामातले सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे खतासाठी वापरतात ते रसायन, फुटले, तेव्हाही असाच ढग उठला होता आणि अणुबॉम्बची अशीच आवई उठली होती.

हादऱ्याचा पुरावा तर दावा करणाऱ्यांवरच उलटतो. तोरोपेत्सच्या स्फोटांची नोंद भूकंपमापकांवर 2.5 ते 2.8 तीव्रतेची झाली. बैरूतचा स्फोटही जमिनीवरचाच होता, त्यात अणूचा लवलेशही नव्हता, आणि त्याची नोंद होती 3.3. म्हणजे ज्या हादऱ्यावरून अणुबॉम्बचा निष्कर्ष काढला जातो, तो खताच्या गोदामाने दिलेल्या हादऱ्यापेक्षाही लहान होता. मुंबईकराला खरे तर यासाठी बैरूतपर्यंत जाण्याचे कारण नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले, त्याची नोंद हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली होती. आणि तेव्हा जगातल्या पहिल्या अणुचाचणीला अजून वर्षाहून अधिक काळ होता.

आता 30,000 टनांकडे वळू, कारण मजकुरातला सर्वांत परिणामकारक भाग हाच आहे. हा आकडा बनावट नाही. एस्टोनियाच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख आंट्स किविसेल्ग यांनी तो दिला आणि तो साधारण साडेसात लाख तोफगोळ्यांइतका होतो, असेही सांगितले. हिरोशिमावरील बॉम्बची ताकद सुमारे 15,000 टन टीएनटीइतकी मानली जाते, हेही बरोबर. चूक होते ती दोन्हींची सांगड घालताना, कारण एका बाजूला मालाचे एकूण वजन आहे आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ स्फोटशक्ती.

रशियन 152 मिलिमीटरचा एक तोफगोळा समोर ठेवून पाहिला, तर त्याचे वजन सुमारे साडेत्रेचाळीस किलो भरते. त्यातला बहुतेक भाग म्हणजे जाड पोलादी कवच, ज्याचे काम फुटल्यावर तुकडे होऊन चहूकडे उडण्याचे. आतल्या पोकळीत भरलेले स्फोटक जेमतेम सहा-सात किलो. सगळा साठा अशाच गोळ्यांचा होता असे धरले, तर एकूण वजनाचा सातवा हिस्सा, म्हणजे साधारण 4,300 टन, एवढेच स्फोटक शिल्लक उरते. प्रत्यक्षात तेथे रॉकेटे, क्षेपणास्त्रे आणि विमानातून टाकायचे बॉम्बही होते असे युक्रेनच्या बाजूने सांगण्यात आले, त्यामुळे हे गणित ढोबळच आहे. पण ते दोन हिरोशिमांच्या जवळपासही पोहोचत नाही. शिवाय हा सगळा माल एका क्षणी फुटला नाही. दहा हजारांची माळ आणि तेवढ्याच दारूचा एकच बॉम्ब यांत जो फरक, तोच येथे आहे : एक शेड पेटते, तिच्यातला माल फुटतो, उडालेले जळते तुकडे पुढच्या शेडवर पडतात आणि हा क्रम तासन्‌तास चालू राहतो. चित्रफितीत दिसणाऱ्या सर्वांत मोठ्या एका स्फोटाबद्दल अमेरिकेतल्या मिडलबरी संस्थेचे जॉर्ज विल्यम हर्बर्ट यांचा अंदाज 200 ते 240 टन स्फोटकाचा होता. तोही भयंकर स्फोट आहे, याविषयी वाद नाही. पण हिरोशिमाच्या मानाने तो साठावा हिस्साही नाही.

किरणोत्सर्ग लपवल्याचा आरोप खोडणे अवघड वाटते, कारण लपवलेली गोष्ट नसल्याचे सिद्ध कसे करायचे? मात्र किरणोत्सर्ग ही कोणा एका सरकारने दडवून ठेवण्यासारखी वस्तूच नाही. 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीतील अपघाताची वाच्यता सोव्हिएत सरकारने करण्याआधी हजाराहून अधिक किलोमीटरवरील स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात त्याचा किरणोत्सर्ग उघडकीला आला होता. 2017 च्या शरद ऋतूत युरोपभर हवेत रुथेनियम-106 हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य सापडले. त्याचा माग दक्षिण उरलकडे गेला आणि रशियाने इन्कार केला तरी मोजमाप पुसले गेले नाही. तोरोपेत्सपासून लाटव्हियाची सीमा अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. रशियाचे अपयश दाखवण्यास उत्सुक असलेल्या लाटव्हियासारख्या शेजारी देशांपैकी एकानेही असे काही मोजल्याचे सांगितलेले नाही. तेथे अण्वस्त्रे साठवलेली होती, या उपदाव्यालाही आधार नाही, कारण रशियात अण्वस्त्रांचा ताबा संरक्षण मंत्रालयाच्या बाराव्या मुख्य संचालनालयाकडे असतो आणि तोरोपेत्सचे कोठार तोफखाना व दारूगोळा सांभाळणाऱ्या वेगळ्या खात्याचे. (मे 2025 मध्ये पाकिस्तानातील किराणा टेकड्यांबाबत हाच किरणोत्सर्गाचा मजकूर नाव बदलून आला होता, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने गळती नसल्याचे सांगितल्यावरही तो पुढे ढकलणाऱ्यांचा उत्साह मावळला नाही.)

शेवटचा युक्तिवाद असा की एवढेसे ड्रोन एवढे मोठे कोठार उडवूच शकत नाही. हल्ल्यात शंभराहून अधिक ड्रोन होते असे युक्रेनच्या सूत्रांनी सांगितले आहे. पण एकच पोहोचले असते तरी युक्तिवाद टिकला नसता. कारण ड्रोनला कोठार उडवायचे नसते, पेटवायचे असते. पुढचे काम साठाच करतो. मार्च 2017 मध्ये युक्रेनचेच बालाक्लिया येथील कोठार जळून गेले, तेव्हा ड्रोनमधून टाकलेल्या पेटत्या पदार्थाचा संशय व्यक्त झाला होता. आपल्या वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात 31 मे 2016 च्या मध्यरात्री एक शेड पेटली आणि किमान 16 जणांचा बळी गेला; तेथे ना युद्ध होते, ना ड्रोन.

म्हणून चर्चा व्हायला हवी ती साठवणुकीची. मातीच्या बांधाआडची, जाड छताची आणि एकमेकींपासून नेमके अंतर राखलेली कोठारे याचसाठी बांधतात, की एक फुटले तरी दुसरे वाचावे. तोरोपेत्सच्या कोठाराविषयी 2018 मध्ये रशियाचे तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री दिमित्री बुल्गाकोव्ह यांनी, ते क्षेपणास्त्रांचाच नव्हे तर लहान अण्वस्त्राचाही मारा सोसू शकेल, अशी ग्वाही दिली होती. हे बुल्गाकोव्ह जुलै 2024 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटकेत गेले. दोन महिन्यांनी कोठार गेले. दोहोंत थेट संबंध असल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही, मात्र अणुबॉम्बच्या कथेने सर्वाधिक सोय कोणाची होते हे उघड आहे : अणुबॉम्बच पडला असेल, तर बांधकाम कसे झाले आणि माल कसा रचला, असे कोणी विचारणार नाही. फोर्ट स्टिकिनवर सुमारे 1,400 टन स्फोटकांच्या खालीच कापसाच्या गाठी भरल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले आणि शहरात बोलले गेले ते जपान्यांनी हल्ला केला असे.